अतिदक्षता विभाग : सेवा करणाऱ्यांचे संरक्षण

साथीच्या काळात रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यालाच रोग जडावा, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. प्लेगच्या साथीत पुण्याजवळ रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले ते आपल्या अहिल्यानगरमध्ये, तेव्हाच्या अहमदनगरात. त्यांचा त्याग वंदनीय आहे. परंतु त्या काळी नसलेली संरक्षणाची साधने आज उपलब्ध आहेत. म्हणून सेवकांकडून त्यागाची अपेक्षा करण्यापूर्वी त्यांना संरक्षण देणे हे आम्ही रुग्णालयाचे कर्तव्य मानतो.

यात रुग्णांचेही हित आहे. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील एका खासगी रुग्णालयात २६ परिचारिका व ३ डॉक्टर कोरोनाबाधित आढळले आणि ते रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर करावे लागले. व्हेंटिलेटर विकत घेता येतो; तो चालविणारी अनुभवी परिचारिका आयत्या वेळी मिळत नाही.

अतिदक्षता विभागात धोका अधिक का? रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालताना, कफ ओढून काढताना सेवकाचा चेहरा रुग्णाच्या अगदी जवळ असतो. रुग्णाच्या खोकल्यातून व श्वासातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. यास्तव पहिला उपाय हवेचा. अशा खोलीतील हवा तासाला किमान १२ वेळा बदलली जावी, असा संकेत आहे. तीच हवा फिरविणारे साधे वातानुकूलन यंत्र हे काम करीत नाही.

दुसरा उपाय मास्कचा. एन-९५ मास्क सूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के कण अडवितो. मात्र तो चेहऱ्यावर घट्ट बसला तरच. कडेला फट राहिली की हवा तिथूनच आत शिरते. तिसरा उपाय शिस्तीचा. नळी घालण्याचे काम सर्वांत अनुभवी डॉक्टरांनी करावे व त्या वेळी खोलीत मोजकीच माणसे असावीत. पोशाख उतरविताना दूषित बाजूला हात लागण्याचा धोका मोठा असतो. म्हणून ते काम एका सहकाऱ्याच्या देखरेखीखाली, ठरलेल्या क्रमाने करावे. मास्क खोलीबाहेर आल्यावर सर्वांत शेवटी काढावा व हात वारंवार स्वच्छ करावेत. थकलेल्या माणसाकडून हा क्रम चुकतो. म्हणून पाळ्या आटोपशीर व विश्रांती पुरेशी हवी. हे सारे नियम सफाई कामगार व मावशींनाही तितकेच लागू आहेत, कारण विषाणू हुद्दा पाहत नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांना भेटीवर घातलेली मर्यादा कठोर वाटते, याची आम्हांस जाणीव आहे. तीही याच संरक्षणाचा भाग आहे.

देणगीदारांस एक नम्र विनंती. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते; वापरून टाकून द्यावयाच्या मास्कवर किंवा खोलीतील हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्यावर ते कोणाला दिसत नाही. तरीही साथीच्या दिवसांत आपले दान याच वस्तूंच्या रूपाने रुग्णाच्या उशाशी उभे राहते.