वाळवंटातील हरणाची धनुष्यबाणाने शिकार: पहिल्या मोहिमेची तयारी कशी होते?

अमेरिकेतील अ‍ॅरिझोनात जानेवारी हा वाळवंटी हरणांच्या माजाचा काळ. माद्यांच्या मागे फिरणारे नर एरवीची सावधगिरी विसरतात. म्हणूनच धनुष्यबाणाने पहिल्यांदा शिकार करणारे अनेक जण हाच महिना निवडतात.

परवाना कसा मिळतो?
शिकारीचा परवाना आणि हरणाचा टॅग, दोन्ही लागतात. वर्षाला एकच हरीण मारता येते. राज्याचे युनिट पाडलेले आहेत. एखाद्या युनिटची मर्यादा संपली की तिथला हंगाम बंद होतो. त्यामुळे दुसरे युनिट आधीच हेरून ठेवावे लागते.

बंदुकीपेक्षा अवघड का?
बाणासाठी साधारण ३०-४० मीटरपर्यंत जवळ जावे लागते. टेकडीवरून तासन्‌तास दुर्बिणीने शोध घ्यायचा, मग वारा तोंडावर घेत सरकायचे. वारा फिरला, माणसाचा वास गेला, की हरीण पसार.

बाण कधी सोडायचा नाही?
खरी कसोटी इथेच आहे. बाण फुप्फुसात न लागता पोटात लागला, तर जखमी हरीण दूर जाऊन तडफडत मरते. म्हणून सरावात जेवढ्या अंतरावरून नेम चुकत नाही, तेवढीच मर्यादा घरूनच ठरवायची.

नंतर काय?
खाण्याजोगे मांस वाया घालवणे तिथे गुन्हा आहे. त्यामुळे बर्फाची पेटी आणि मांस वाहून आणायची सोय आधीच हवी.

भारतात चालते का?
नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार काळवीट, चिंकारा यांची शिकार हा गुन्हा आहे.