धूळ गाळता येते, रेणू रोखावे लागतात

गुजरातमधील धोलेरा येथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पॉवरचिप यांच्या ९१ हजार कोटी रुपयांच्या चिप कारखान्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२४मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून एक शंका वारंवार कानावर येते: माणसाच्या केसाहून हजारपटींनी बारीक रेघा सिलिकॉनवर उमटवायच्या, तर ते आपल्या धुळीच्या देशात जमेल का? शंका रास्त आहे. तिला मिळणारे ठरावीक उत्तर, ‘उत्तम फिल्टर बसवले की झाले’, मात्र अपुरे आहे. चिपा जिथे घडतात त्या अतिस्वच्छ दालनाचा, म्हणजे क्लीनरूमचा, साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर बाहेरची धूळ हा या उद्योगाने सर्वांत आधी सोडवलेला प्रश्न दिसतो. जी अशुद्धी आजही कोट्यवधींचे नुकसान करते, ती आतच जन्माला येते: माणसांतून, रसायनांतून, भिंतींच्या रंगातून, आणि एका प्रकरणात तर खुद्द फिल्टरमधून. तिला उगमापाशी रोखणे हेच क्लीनरूमचे खरे शास्त्र आहे, आणि ते यंत्रसामग्रीच्या खोक्यातून येत नाही.

सुरुवात न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेपासून करावी लागते. १९६०च्या सुमारास तिथल्या अभियंत्यांना अण्वस्त्रांचे सूक्ष्म सुटे भाग धूळविरहित जागेत जोडायचे होते. त्या काळातल्या ‘स्वच्छ’ खोल्यांत सतत पुसणे-झाडणे चाले, हवाही गाळून सोडली जाई, तरीही कण हटत नसत. विलिस व्हिटफील्ड या भौतिकशास्त्रज्ञाने कण कुठे निर्माण होतात आणि कुठे जातात, याचा विचार केला. अर्ध्या मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम शतांश मिलिमीटर खाली येतो. एक मीटर उतरायला त्याला दिवसाहून अधिक वेळ लागतो. तोवर हवेची प्रत्येक भोवऱ्यासारखी हालचाल त्याला खोलीभर फिरवत राहते. व्हिटफील्डने छतातून गाळलेली हवा संथ, सरळ खाली सोडली आणि जाळीदार जमिनीतून बाहेर काढली. आजच्या क्लीनरूममध्ये हवा साधारण सेकंदाला ०.४५ मीटर वेगाने उतरते, म्हणजे तीन मीटर उंचीची खोली ती सात सेकंदांत पार करते. दिवसभर तरंगणारा कण काही सेकंदांत बाहेर जातो. पूर्वीच्या खोल्यांपेक्षा ही रचना सुमारे हजारपट स्वच्छ ठरली. फिल्टर तेव्हाही उपलब्ध होतेच. नवी होती ती हवेला दिलेली दिशा.

फिल्टरबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. ‘हेपा’ फिल्टर हा चहाच्या गाळणीसारखा काम करत नाही. दुसऱ्या महायुद्धातील अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी विकसित झालेल्या या फिल्टरमध्ये काचतंतूंची विस्कळीत गुंतवळ असते आणि तंतूंमधल्या फटी कणांहून कितीतरी मोठ्या असतात. जड कण हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आदळतात. मध्यम कण जवळून जाताना तंतूला घासून चिकटतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि त्यामुळेच तंतूला सापडतात. सर्वांत अवघड असतात ते मध्यम आणि अतिसूक्ष्म यांच्या मधले, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे, भरकटायला थोडे मोठे आणि आदळायला थोडे हलके. म्हणून हेपाची कसोटी ०.३ मायक्रॉनच्या कणावर लागते, आणि तिथे तो ९९.९७ टक्के कण अडवतो. चिप कारखान्यांतले ‘उल्पा’ फिल्टर याहूनही सरस असतात. शिवाय क्लीनरूममधली बहुतेक हवा तीच ती पुन्हा गाळून फिरवलेली असते. बाहेरून येणारा छोटा हिस्सा कित्येक टप्प्यांतून धुऊन, वाळवून घेतला जातो. ॲरिझोनाच्या वाळवंटात धुळीची वादळे उठतात आणि तिथेच इंटेल व टीएसएमसीचे कारखाने उभे आहेत. ‘धुळीच्या देशात चिप कशी होणार’ या शंकेला त्या वाळवंटाने उत्तर दिले आहे.

आतल्या उगमांचे तसे नाही. आयएसओ १४६४४ या मानकाच्या पहिल्या, सर्वांत कडक वर्गात एका घनमीटर हवेत ०.१ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त १० असू शकतात. आणि माणूस? नुसता स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला लाखभर सूक्ष्म कण सोडतो, चालू लागला की ही संख्या कित्येक लाखांवर जाते, असे क्लीनरूम अभियांत्रिकीचे जुने, सर्वमान्य कोष्टक सांगते. डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख कामगाराला धुळीपासून वाचवण्यासाठी नसतो. कामगारापासून वेफरला, म्हणजे चिपा ज्यावर घडतात त्या सिलिकॉनच्या चकतीला, वाचवण्यासाठी असतो. एवढी काटेकोरी कशासाठी, हे साध्या गणितातून कळते. एका चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.१ घातक दोष असतील, तर एक चौरस सेंटिमीटरच्या चिपांपैकी सुमारे ९० टक्के निर्दोष निघतात. आठ चौरस सेंटिमीटरच्या चिपांपैकी मात्र जेमतेम ४५ टक्के. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या चिपा याच मोठ्या आकाराच्या आहेत.

कणांपाशी ही गोष्ट संपली असती तर फिल्टरवर भिस्त ठेवता आली असती. १९८०च्या दशकात आयबीएमने नव्या जातीचा फोटोरेझिस्ट, म्हणजे वेफरवरचा प्रकाशसंवेदी लेप, आणला. त्यात प्रकाशाने थोडेसे आम्ल तयार होते आणि आम्लाचा एकेक रेणू शेकडो रासायनिक बंध सोडवत जातो. या लेपावर उमटलेल्या रेघांचा माथा कधीकधी आडवा पसरून इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा होई, आणि कणांची मोजणी तर उत्तम येई. १९९१मध्ये आयबीएमच्याच संशोधकांनी कारण प्रसिद्ध केले: हवेतील अमोनियासारखी आम्लारिधर्मी द्रव्ये. अब्जात काही भाग एवढ्या प्रमाणातही ती लेपाच्या पृष्ठभागावरचे आम्ल निष्प्रभ करत होती. ही द्रव्ये सफाईच्या द्रावणांतून, रंगांतून, काँक्रीटमधून आणि माणसांच्या श्वास-घामातून येत होती. हेपाला रेणू दिसतच नाहीत. आणखी बोलका दाखला बोरॉनचा आहे. वेफर धुण्यासाठी वापरलेल्या हायड्रोफ्लोरिक आम्लाची वाफ फिल्टरमधल्या बोरोसिलिकेट काचतंतूंना खाते. त्यातून बोरॉनची संयुगे सुटतात आणि वेफरवर बसतात. बोरॉन हे सिलिकॉनचे विद्युतगुण बदलण्यासाठी मुद्दाम, मोजून घातले जाणारे मूलद्रव्य. ज्याने शुद्धी करायची, तोच न सांगता चिपचे गुणधर्म बदलत होता. पुढे अल्पबोरॉन काच आणि टेफ्लॉनचे फिल्टर आले, रासायनिक फिल्टर आले. पण कोणत्या वस्तूतून काय बाहेर पडते हे तपासण्याची सवय लागली, ती मला या सगळ्याहून मोठी वाटते.

यावर एक सबळ आक्षेप आहे. आता वेफर ‘फूप’ या बंद पेट्यांतून, छताखालच्या रुळांवरून फिरतात. माणूस वेफरजवळ फारसा जातच नाही. मग एवढी चिंता कशाला? पेट्यांमुळे सभोवतालच्या दालनाची अट सैल करता आली, हे खरे. पण प्रश्न पेटीत शिरला. एका प्रक्रियेतून निघालेल्या वेफरवरची आम्लवाफ पेटीच्या प्लॅस्टिकमध्ये मुरते आणि पुढच्या वेफरवर उतरते, म्हणून पेट्यांत नायट्रोजन सोडावा लागतो. शिवाय सगळी अशुद्धी हवेतून येत नाही. जानेवारी २०१९मध्ये टीएसएमसीच्या कारखान्यात पुरवठादाराकडून आलेल्या फोटोरेझिस्टच्या एका खेपेत नको असलेले बहुवारिक निघाले. कंपनीने तिमाही उत्पन्नात सुमारे ५५ कोटी डॉलरची घट जाहीर केली. जगातल्या सर्वांत निष्णात उत्पादकाच्या बाबतीत हे घडले, आणि छतातला एकही फिल्टर ते रोखू शकला नसता.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: खात्री नसेल तर हवेचा झोत वाढवा, धोका कशाला पत्करायचा? पण पंख्याला लागणारी वीज हवेच्या प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह २० टक्क्यांनी कमी केला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. २० टक्क्यांनी वाढवला तर ती सुमारे पाऊणपट जास्त लागते. वेगवान झोत यंत्रांच्या कडांपाशी भोवरेही निर्माण करतो, म्हणजे व्हिटफील्डने जे टाळले तेच परत आणतो. कण कुठे निर्माण होतात हे मोजून तेवढीच हवा सोडणे स्वस्तही आहे आणि स्वच्छही.

महाराष्ट्र आणि गोव्याचा संबंध इथे येतो. पुण्यातले लसनिर्माते, वाळूज आणि वेर्णा पट्ट्यातले औषध कारखाने यांच्यामुळे क्लीनरूम चालवणारा मोठा तंत्रज्ञवर्ग आपल्याकडे तयार आहे. पोशाखाची शिस्त, दाबातील फरक राखणे, नोंदी ठेवणे, फिल्टरची गळती तपासणे हे त्यांच्या हातात बसलेले आहे. पण औषध उद्योगाचा शत्रू जिवाणू आहे. तिथे जे जंतुनाशक निर्धास्तपणे फवारतात, त्याची वाफ चिप कारखान्यात दोष ठरू शकते. तिथे फिल्टर तपासायला वापरतात त्या तेलाच्या तुषाराचे रेणू इथे वेफरवर चिकटू शकतात. या तंत्रज्ञांचे निम्मे शिक्षण झालेले आहे, उरलेले निम्मे रसायनशास्त्राचे आहे. पवईच्या आयआयटीत नॅनो-इलेक्ट्रॉनिक्सची क्लीनरूम बरीच वर्षे चालू आहे. अशा ठिकाणी संशोधकांबरोबर तंत्रनिकेतनांतल्या मुलामुलींनाही प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण मिळायला हवे.

कारखान्याची इमारत, यंत्रे आणि फिल्टर पैसे मोजून आणता येतात, आणि सरकार ते मोजते आहे. अमोनियाचा अब्जांश पकडणारा रसायनतज्ज्ञ, पुरवठादाराची प्रत्येक खेप संशयाने तपासणारा अभियंता आणि रात्रपाळीतही नोंद न चुकवणारा तंत्रज्ञ मात्र घडवावे लागतात, आणि त्याला वर्षे लागतात. चिप कारखान्यांसाठी राखलेल्या निधीतला ठरावीक वाटा या प्रशिक्षणासाठी आजच बाजूला काढावा, अशी मागणी वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे आणि शिक्षणसंस्थांकडे जरूर करावी.