पिस्तूल टिपूचं, की टिपूच्या नावाचं?

बंगळुरात कुणाच्या माळ्यावर जुनं पिस्तूल निघालं की तर्क ठरलेला असतो: टिपूचंच असणार! बसवनगुडीत तर या तर्काला बळच मिळतं. ही वस्ती 1898च्या प्लेगनंतर वाढली खरी, पण टिपूचा किल्ला तिथून जवळच आहे, आणि श्रीरंगपट्टणाप्रमाणे बंगळुरातही त्याच्या बंदुका घडत. तरीही पिस्तुलाचं बारसं करण्याची घाई नको.

आधी ते भरलेलं नाही ना, हे पाहा. लाकडी काडी नळीत अलगद सोडा, तोंडाशी खूण करा आणि तीच काडी बाहेरून नळीला लावा. ती कानापर्यंत, म्हणजे बार पेटवायच्या भोकापर्यंत, पोचत नसेल, तर आत बार असू शकतो. मग पिस्तूल तसंच ठेवून पोलिसांना बोलवा. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्या उलटल्या तरी पेटते.

नळी रिकामी निघाली, तर नक्षीवर न भाळता आधी घोडा पाहावा. त्याच्या जबड्यात गारगोटी बसत असेल तर ते चकमकीचं. घोडा तांब्याच्या टोपीवर आपटत असेल तर ती रचना 1820 नंतरची. मात्र चकमकीची कित्येक हत्यारं पुढे टोपीची करून घेतली गेली. रंजकाच्या वाटीच्या जागी बुजवलेली भोकं दिसली, तर पिस्तुलाचं वय टोपीवरून काढू नये.

टिपूच्या कारखान्यातल्या मालाच्या खुणा बोलक्या आहेत: वाघाच्या पट्ट्यांची ‘बबरी’ नक्षी, वाघाच्या आकाराचा घोडा, नळीवर टिपूचे वडील हैदर यांच्या नावाचा छाप. त्याची काही पिस्तुलं जोडीनं घडत, एकाची कळ उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे. त्यामुळे एकटंच ‘उलटं’ पिस्तूल हाती आलं तर ते विचित्र वाटतं, एवढंच.

खरी गंमत पिस्तुलावर कोरलेल्या सनाची. टिपूनं मौलुदी सन चालवला आणि त्याचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. मौलुदी 1222 म्हणजे 1793-94. तोच आकडा हिजरी समजलात, तर 1807 साल निघतं. टिपू तर 4 मे 1799 रोजीच श्रीरंगपट्टणात पडला! म्हणजे अस्सल वस्तूवर बनावटीचा शिक्का मारून मोकळे. रॉबिन विगिंग्टन यांनी टिपूच्या बंदुकांवर 1992 साली आख्खा ग्रंथ लिहिला, तो अशा बारकाव्यांपायीच.

अर्थात वाघ आणि कंपनी सरकारचा बदामी छाप उठवणारे आजचे कारागीरही कमी नाहीत. छापाची अक्षरं अडखळलेली आणि गंज सगळीकडे सारखाच असेल, तर संशय घ्यावा. अस्सल मालाची मोठी लूट इंग्लंडला गेली. कंपनीचे मेजर थॉमस हार्ट यांच्या वंशजांच्या माळ्यावर निघालेली टिपूची बंदूक 2019 साली बर्कशरच्या लिलावात सुमारे 60 हजार पौंडांना गेली.

पिस्तूल ब्रासोनं घासू नका. छाप पुसला की पुरावा गेला. जुनं आहे म्हणून परवान्याची कटकट नाही, असंही नाही. 1959च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारांपुरतीच आहे. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू परदेशी विकायला 1972च्या कायद्यानं खासगी माणसाला मनाई आहे. तेव्हा पोलिस ठाण्यात लेखी कळवा आणि स्वच्छ उजेडात काढलेले फोटो घेऊन पुरातत्त्व खात्याच्या बंगळूर मंडळाकडे जा.