भाच्याचा ब्रूनो आणि आत्याचा हात

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी बाह्यरुग्ण विभागात दोन प्रकारचे रुग्ण हमखास येतात. फटाक्याने भाजलेले आणि फराळाने पोट बिघडलेले. अलीकडे त्यांत तिसरी भर पडली आहे : कुत्रा चावलेले. हा कुत्रा रस्त्यावरचा नसतो. मालक सुट्टीवर गेला म्हणून मावशीकडे, शेजाऱ्यांकडे किंवा मित्राकडे सोडलेला असतो.

अशाच एक बाई हाताला हळद लावून, वर फडके गुंडाळून आल्या. वय साठीच्या आसपास. भाचा सहकुटुंब केरळला गेला होता आणि त्याचा लॅब्रॅडॉर, ब्रूनो, आत्याकडे होता. जखम तीन दिवसांची होती. ‘लगेच का नाही आलात?’ असे विचारले तर म्हणाल्या, ‘भाचा फोनवर म्हणाला, आत्या, सगळ्या लसी दिल्यात त्याला. मग म्हटलं, उगाच कशाला!’ पुढचे वाक्य मात्र माझ्या लक्षात राहिले. ‘पहिले दोन दिवस खाण्याजवळ गेलं की गुरगुरायचा. मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोनदा ठेवून दिली. गुरगुरणं बंद झालं हो. तिसऱ्या दिवशी आवाज न करता सरळ चावलाच.’

कुत्र्याचे गुरगुरणे म्हणजे ‘लांब राहा’ असा निरोप. तो दिल्याबद्दल मार बसतो हे कळले की कुत्रा निरोप देणे सोडतो. भीती किंवा राग तसाच आत राहतो. बाईंनी घराची धोक्याची घंटा काढून टाकली होती आणि घंटा वाजत नाही म्हणून त्या निर्धास्त होत्या. गुरगुरण्याआधीही खुणा असतात. भूक नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभई, मान फिरवून डोळ्याच्या कडेने बघणे, बुबुळाशेजारचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ करून एकदम स्तब्ध होणे. शेपटी हलते आहे म्हणजे स्वारी खूश, हेही खरे नाही. चिडलेला कुत्राही शेपटी हलवतो.

पाहुणा म्हणून आलेला कुत्रा मुळात बावरलेला असतो. घर नवे, वास नवे, माणसे नवी, मालक कुठे गेला ते कळत नाही. त्यात फटाके. घरी शहाण्यासारखा वागणारा कुत्रा इथे चपला फाडतो, रात्रभर भुंकतो, खाटेखाली जाऊन बसतो. खाटेखालच्या कुत्र्याला पट्टा धरून बाहेर ओढू नये. हाताला चावा बसण्याची ही अगदी नेमकी वेळ. खाऊ थोडा दूर ठेवावा, खोलीतून निघून जावे, तो आपणहून येतो. तोंडात धरलेली वस्तूही हिसकावू नये, तिच्या बदल्यात दुसरे काही आवडते द्यावे. जेवण वेगळ्या कोपऱ्यात द्यावे आणि संपेपर्यंत तिकडे कोणी फिरकू नये. लहान मुले तर नाहीच. मुलांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, त्यामुळे त्यांना चावे चेहऱ्यावर बसतात. ओळखीच्या कुत्र्यापाशीही लहान मूल एकटे सोडू नये.

फिरायला नेताना साखळी मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नका. तीस किलोच्या कुत्र्याने मांजरामागे झेप घेतली की बोट मोडते, आणि साठीच्या माणसाचा खुबासुद्धा. दोन कुत्री जुंपली तर मध्ये हात घालू नका. पाणी ओता, मोठा आवाज करा. एक प्रश्न मला शेजारीपाजारी नेहमी विचारतात : फटाक्यांना घाबरतो, अर्धी झोपेची गोळी देऊ का? नको. माणसाची कुठलीही गोळी नको, साधी वेदनाशामकही कुत्र्याला बाधू शकते. ते पशुवैद्यकांना विचारा.

एवढे करूनही चावलाच तर पहिले औषध घरातच आहे : साबण आणि वाहते पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, मिरची, तेल काही नको. फडके घट्ट आवळू नका, टाके घालण्याची घाई नको. मग त्याच दिवशी दवाखाना. नुसता ओरखडा असेल तरी रेबीजची लस लागते. रक्त आले असेल, म्हणजे दात कातडीतून आरपार गेला असेल, तर लसीबरोबर जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शनही द्यावे लागते. लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत तेच राखण करते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनात आहे. ती लस आपल्याकडे केव्हाच बंद झाली. आता त्वचेतून द्यायची लस पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दंडावर देतात. पहिला दिवस शून्य धरायचा. स्नायूत दिली तर मात्रा पाच. धनुर्वाताचे इंजेक्शन आहेच. हाताचा खोल चावा, विशेषतः मधुमेह असलेल्यांचा, लवकर चिघळतो, म्हणून प्रतिजैविकही लागते.

‘पण त्याला लस दिली आहे’ या वाक्याने उपचार थांबत नाहीत. लस चुकलेली असू शकते, नीट थंड न ठेवल्याने निकामी झालेली असू शकते, आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसली की आमच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. म्हणून उपचार आधी सुरू करायचे आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे. चावताना लाळेत विषाणू असेल, तर कुत्रा या मुदतीत आजारी पडतो किंवा मरतो. दहा दिवसांनी तो धडधाकट असला तर पुढच्या मात्रांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतात. सांभाळायला आणलेल्या कुत्र्याची अडचण इथेच होते. चौथ्या दिवशी मालक येतो, कुत्रा घेऊन जातो, आणि संकोचापोटी कोणी कोणाला काही विचारत नाही. विचारा. रोज एक फोन करा.

मालकांवर माझा थोडा राग आहे. कुत्रा सोडताना ते खाण्याचे डबे देतात, खेळणी देतात, पण ‘हा मागे एकदा मोलकरणीला चावला होता’ हे सांगत नाहीत. ब्रूनोचेही तेच निघाले. भाच्याला ते ठाऊक होते, पण आत्या नाही म्हणेल अशी भीती वाटली. लसीकरणाचे कार्ड, पशुवैद्यकाचा फोन नंबर आणि खोडींची खरी यादी, एवढे हातात पडल्याशिवाय कुत्रा ठेवून घेऊ नये.

बाईंचा चावा खोल होता. उशीर झाला म्हणून उपचार टळत नाहीत. त्याच दिवशी लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही दिले. ब्रूनो दहा दिवसांनंतरही ठणठणीत होता. शेवटच्या मात्रेला भाचा सोबत आला होता. मेच्या सुट्टीचे ठरत होते म्हणे. बाईंनी पिशवीतून एक कागद काढून मला दाखवला, भाच्याच्या अक्षरातली यादी. पहिलीच ओळ होती, ‘जेवताना जवळ जाऊ नये’. चौथी ओळ होती, ‘सोफ्यावर झोपतो’. ती बाईंनी लाल पेनाने खोडली होती.