डोळ्याची न झालेली फिर्याद

सहा वर्षांचा मुलगा टीव्हीच्या पडद्याला नाक लावून बसतो, ही खोड समजावी की दृष्टिदोष, असे एका वाचक भगिनीने विचारले आहे. जवळचे पाहताना मुलांच्या डोळ्यांना आपल्याइतका शीण होत नाही, म्हणून ती नुसती सवयही असेल, किंवा लघुदृष्टीही असेल. नेत्रतपासणीने त्याचा निकाल लगेच लागतो. मला अधिक चिंता वाटते ती पडद्यापासून दूर बसणाऱ्या, फळ्यावरचे बिनचूक उतरवून घेणाऱ्या आणि तरीही एक डोळा जवळजवळ निकामी होत चाललेल्या मुलाची.

गेल्या वर्षी एका परिचितांच्या घरी चार वर्षांची नात आजीच्या मांडीवर बसून पुस्तकातला ससा शोधत होती. मी आजींना तिचा डावा डोळा तळहाताने झाकायला सांगितला, तेव्हा तिचे बोट जराही अडखळले नाही; परंतु उजवा झाकताच तिने आजीचा हात दोन्ही हातांनी ओढला, मान वळवून बोटांच्या फटीतून पाहू लागली आणि अखेर रडकुंडीला आली. बाहेरून दोन्ही डोळे सारखेच टपोरे होते. तपासणीत डाव्याचा नंबर उजव्याहून फारच मोठा निघाला.

नंबर डोळ्याचा असला, तरी अशा डोळ्याच्या दुर्बलतेचे मूळ मेंदूत असते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिलांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली व नंतर उघडली, तेव्हा डोळा शाबूत असूनही मेंदूतील फारच थोड्या पेशी त्याला प्रतिसाद देत होत्या. प्रौढ मांजरावर मात्र तोच प्रयोग निष्फळ ठरला. हे १९६३ साली प्रसिद्ध झाले आणि १९८१ साली दोघांना नोबेल मिळाले. मेंदूतील दृष्टीचे क्षेत्र म्हणजे जणू दोन भावांची सामाईक जमीन: एकाने आपला वाटा पडीक ठेवला की दुसरा बांध सरकवून त्यावर आपली वहिवाट सुरू करतो, आणि मुदतीत फिर्याद दाखल झाली नाही तर मूळ मालकाला कब्जा परत मिळवणे कठीण होते. ही मुदत साधारणपणे सात-आठ वर्षांची. त्यानंतरही काही मुले सुधारतात, पण कष्टाने.

सशक्त डोळा झाकून दुर्बल डोळ्याला कामास जुंपावे, हा उपाय फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ याने १७४३ सालीच सुचवला होता. मेंदूतील पेशींचा मागमूस नसता केवळ तिरळ्या माणसांच्या निरीक्षणावरून तो तेथवर पोहोचला. पशुपक्ष्यांच्या वर्णनांसाठी त्याचे नाव अजून घेतात, या कामासाठी क्वचितच, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वयाच्या चार महिन्यांनंतरही टिकणारा तिरळेपणा, जो आपल्याकडे भाग्याचे लक्षण म्हणून कौतुकाने जोपासला जातो. वाचताना एकाच बाजूला कलणारी मान. उन्हात मिटणारा एकच डोळा. सांजवेळी अडखळणारे पाऊल: यांपैकी काहीही दिसले तर शाळेतील तपासणीची वाट पाहू नये. आणि छायाचित्रात एक बाहुली लाल व दुसरी पांढरी दिसली तर एक दिवसही दवडू नये, कारण त्यामागे मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा कर्करोगही असू शकतो.

त्या नातीने चष्मा लावला आहे. रोज दोन तास तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी असते, आणि तेवढा वेळ ती आजीच्या सुपातल्या तांदळातले खडे डाव्या डोळ्याने वेचते.