घरचा पैसा, दुकानचा पैसा आणि प्राप्तिकर

दिवाळीच्या मुहूर्तावर वहीपूजन करून नव्या वर्षाचा पहिला आकडा लिहिण्याची प्रथा आपल्या पेढ्यांनी आजही जपली आहे. प्राप्तिकराच्या लेखी मात्र दिवाळीच्या वर्षाला 1989-90 या आकारणी वर्षापासून स्थान उरलेले नाही. तेव्हापासून सर्वांचे हिशेबाचे वर्ष 31 मार्चलाच संपते. व्यापारी वर्गाने हा बदल पचवला, रोजकीर्द आणि खतावणी संगणकावर नेली, जीएसटीही आत्मसात केला. एक जुनी सवय तेवढी सुटली नाही. घरचा पैसा दुकानात आणि दुकानचा पैसा घरात आजही शब्दावर आणि रोखीने फिरतो. बहुतेक वेळा त्यात लपवण्यासारखे काही नसते. तरीही प्रामाणिक करदात्यांना मोठा दंड बसतो तो पुष्कळदा याच वाटेने.

एक उदाहरण घेऊ. दोन सख्खे भाऊ आहेत. थोरल्याची किराणा मालाची घाऊक पेढी, धाकट्याचे कापडाचे दुकान. हंगामात माल सोडवून घेताना थोरल्याला तीन लाख रुपये कमी पडले. धाकट्याने गल्ल्यातून आणि घरच्या कपाटातून रोख काढून दिले. पंधरा दिवसांनी थोरल्याने तेवढीच रक्कम रोख परत केली. व्याज नाही, चिठ्ठी नाही. दोघांनीही आपापल्या वहीत नोंद केली आणि दोघांचाही पैसा कर भरलेला आहे.

कायद्याच्या दृष्टीने येथे दोन स्वतंत्र चुका झाल्या. वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम कर्ज वा ठेव म्हणून रोखीने स्वीकारता येत नाही, आणि तशी रक्कम रोखीने परतही करता येत नाही. दोन्हींचा दंड व्यवहाराच्या रकमेइतका असतो. म्हणजे थोरल्या भावावर घेतल्याबद्दल तीन लाख आणि फेडल्याबद्दल तीन लाख, असा एकूण सहा लाखांचा दंड येऊ शकतो. पंधरा दिवसांच्या हातउसन्यासाठी हा भार किती जड आहे, हे कोणत्याही व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

‘भावाभावांत कसले कर्ज?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. नातेवाइकांना या नियमातून सरसकट सूट नाही. वाजवी कारण होते असे सिद्ध केल्यास दंड टळतो, आणि अचानक उद्भवलेली निकड व व्यवहाराचा खरेपणा पाहून अपिलात अनेकांना दिलासाही मिळाला आहे. परंतु ते सिद्ध करण्याची जबाबदारी करदात्याची असते आणि अपिलाची वर्षे व वकिलाची फी त्यालाच सोसावी लागते. पंधरा-पंधरा हजारांचे तुकडे करूनही सुटका नाही, कारण आधीची शिल्लक देणी नव्या रकमेत मिळवूनच मर्यादा पाहिली जाते. तोच पैसा बँकेतून, आरटीजीएसने किंवा खात्यावर जमा होणाऱ्या धनादेशाने गेला असता, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

रोखीच्या आणखी दोन मर्यादा ध्यानात असाव्यात. एकाच व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिली, तर तो व्यवसायाचा खर्च म्हणून धरला जात नाही. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा पस्तीस हजार आहे. दुसरी मर्यादा घेणाऱ्यावर आहे. एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एका प्रसंगानिमित्त दोन लाख वा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. येथेही दंड रकमेइतकाच. सराफाने एकाच दागिन्याची रक्कम तीन दिवसांत विभागून घेतली तरी व्यवहार एकच राहतो. लग्नाचा मांडव घालणाऱ्याने किंवा केटरिंगवाल्याने दीड-दीड लाखाचे दोन हप्ते रोख घेतले, तरी प्रसंग एकच असल्याने तोही अडकतो.

बँकेमार्फत व्यवहार केल्याने केवळ दंड टळतो असे नाही, करही वाचतो. छोट्या व्यापाऱ्यांसाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. तीत उलाढालीच्या आठ टक्के नफा मानला जातो. जी विक्री बँकेतून वा डिजिटल मार्गाने वसूल होते, तिच्यावर सहाच टक्के. एकट्याच्या मालकीच्या दुकानाची वर्षाची उलाढाल 1 कोटी 80 लाख आहे आणि अन्य उत्पन्न नाही, असे समजा. सगळी विक्री रोखीची असेल, तर मानीव नफा 14 लाख 40 हजार होतो. 2025-26 या वर्षाच्या नव्या करप्रणालीत त्यावरील कर उपकरासह 99,840 रुपये येतो. सगळी वसुली बँकेतून असेल, तर नफा 10 लाख 80 हजार ठरतो आणि बारा लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य. एका क्यूआर कोडची ही किंमत आहे! अर्थात, प्रत्यक्ष नफा सहा टक्क्यांहून अधिक झाला असेल, तर तो अधिकच दाखवावा लागतो. ही योजना दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीला लागू होते आणि रोखीची वसुली पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत. दलाली किंवा अडतीच्या कमिशनवर चालणाऱ्या पेढ्यांना तिचा लाभ नाही. या योजनेतील व्यापाऱ्याने आगाऊ कराचा एकमेव हप्ता 15 मार्चपर्यंत भरावयाचा असतो, हे पुष्कळांच्या स्मरणात राहत नाही.

आता घरातील स्त्रियांच्या नावावरील पैशाकडे वळू. सुनेच्या नावे रक्कम ठेवून तीच पुढे दुकानात व्याजाने लावण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती रक्कम सुनेला माहेराहून मिळालेली वा तिची स्वतःची कमाई असेल, तर व्याज तिचेच उत्पन्न ठरते. तीच रक्कम सासऱ्यांनी, सासूबाईंनी किंवा पतीने भेट दिलेली असेल, तर तीवरील व्याज देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. भेट करमुक्त असते, तिच्यापासून येणारे उत्पन्न मात्र नव्हे, हा भेद नीट समजून घ्यावा. सज्ञान मुलाला किंवा आईला दिलेल्या भेटीला हा नियम लागू नाही. शिवाय दुकानाची आदल्या वर्षाची उलाढाल एक कोटीवर असेल, तर घरच्या माणसाला वर्षात दहा हजारांहून अधिक व्याज देतानाही टीडीएस कापावा लागतो.

हिंदू अविभक्त कुटुंब, म्हणजेच एचयूएफ, जैन कुटुंबांनाही स्थापन करता येते आणि आपल्यापैकी अनेकांकडे ते आहेही. त्याचे स्वतंत्र पॅन कार्ड आणि स्वतंत्र बँक खाते असले, तरी त्यात पैसा कोठून आला याला सर्वाधिक महत्त्व आहे. वडिलोपार्जित मालमत्तेचे उत्पन्न तेथे योग्यच. कर्त्याने स्वतःच्या कमाईची रक्कम त्यात टाकली, तर तिचे उत्पन्न त्याच्याच माथी येते. कुटुंबाचे सदस्य नसलेल्या मामांनी एचयूएफला एका वर्षात पन्नास हजारांहून अधिक भेट दिली, तर ती संपूर्ण रक्कम करपात्र होते. हीच भेट त्यांनी भाच्याला दिली असती, तर कर लागला नसता. आणखी एक बाब: बारा लाखांपर्यंत कर शून्य करणारी सवलत केवळ निवासी व्यक्तींना आहे. एचयूएफला चार लाखांनंतर कर सुरू होतो. अलीकडे केवळ कर वाचेल म्हणून नवे एचयूएफ काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. छोट्या कुटुंबांनी तो स्वीकारण्यापूर्वी आकडे मांडून पाहावेत, असे मला वाटते.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी प्राप्तिकर कायदा 2025 लागू होत असून कलमांचे क्रमांक बदलत आहेत. त्यामुळे या लेखात कलमांची जंत्री मुद्दाम दिलेली नाही. आपल्या प्रकरणात नेमके काय लागू होते, ते आपल्या सीएकडून तपासून घ्यावे.

राहिला दानाचा विषय. दानाची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली घेणाऱ्याने पावती जपली तरी त्याचा कर कमी होत नाही. जुन्या प्रणालीतही दोन हजारांवरील रोख दानाला वजावट नाही, आणि एखाद्या विशिष्ट धर्माच्या वा जातीच्याच लाभासाठी असलेल्या संस्थांना दिलेल्या दानाला ती सामान्यतः मिळत नाही. काही ख्यातनाम मंदिरांच्या जीर्णोद्धारासाठी सरकार स्वतंत्र अधिसूचना काढते. तेथे गोष्ट निराळी. म्हणून चातुर्मासात बोली घेताना ती धर्मभावनेने घ्यावी, करसवलतीचा हिशेब मनात धरू नये. वैद्यकीय वा शैक्षणिक संस्थेला दान देताना मात्र तिची 80-जीची मान्यता चालू आहे का, हे आधी विचारावे आणि वर्षअखेरीनंतर तिच्याकडून दानाचे विहित प्रमाणपत्र मागून घ्यावे. रक्कम ज्याच्या खात्यातून गेली, त्याच्याच नावाने आणि पॅनने पावती फाडावी. आजोबांच्या स्मरणार्थ द्यावयाचे असेल, तर ‘स्मरणार्थ’ हा उल्लेख त्याच पावतीवर वेगळ्या ओळीत करता येतो.