चाकणचा चित्ता!

चित्त्याला बघून कुणी एसयूव्ही डिझाइन करेल? 'महिंद्रा'ने केली! दाराची हँडल्सही थेट पंजासारखी. पण खरी रिस्क आत होती. बोलेरो, स्कॉर्पिओ म्हणजे ट्रकसारख्या चासीवर बसवलेली बॉडी. दणकट, पण वळणावर डुलणारी. 'डब्ल्यू२०१' या सांकेतिक नावाने आखलेल्या नव्या गाडीत मात्र चासी आणि बॉडी एकच, म्हणजेच मोनोकॉक. चाल कारसारखी, जागा सात जणांना. कंपनीची स्वतःची अशी ही पहिलीच एसयूव्ही. फसली असती तर? सप्टेंबर २०११मध्ये 'एक्सयूव्ही ५००' लाँच झाली, बनली आपल्या चाकणला. बुकिंग इतकं झालं, की ते थांबवावं लागलं. पुढे तर चक्क लॉटरी काढली! ओळखीची चासी सोडायची हिंमत अशी फळली.